आजऱ्याच्या पावसात चिखल न होणारी वैरणीची जागा

तरण्या पावसात पहाटे पाचला धार काढायला बसायचं, म्हणजे आधी वीस मिनिटं कास धुवायची. दोन बादल्या कोमट पाणी, एक फडकं, आणि गुडघ्यापर्यंत शेणकाल्यात उभी असलेली म्हैस. कास पुसून हात सडाकडे न्यावा तोवर ती शेपटी मारणार आणि भरलेला गोंडा पुन्हा कासेवरून फिरणार. बारा वर्षं मी हे केलं. पावसाळ्यात एखाद्या तरी जनावराला दगडी, म्हणजे कासेची सूज, व्हायचीच. एका वर्षी पहिलारू गाईचा मागचा डावा सड कायमचा गेला, तेव्हा ठरवलं की वैरणीची जागा नीट बांधायचीच.

आमचं गाव आजरा तालुक्याच्या पश्चिम अंगाला, आंबोलीच्या बाजूचं. मृग लागला की जमीन जी भिजते ती दसऱ्यापर्यंत भिजलेलीच. दावणीला चार म्हशी, दोन संकरित गाई. वैरण म्हणजे मुख्यतः भाताचं पिंजर, जोडीला हत्तीगवत, आणि अलीकडे चार-पाच महिने पिशवीतला मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा. आता लिहिते ते या सहा जनावरांच्या हिशेबाने. तुमच्याकडं दोन असोत की दहा, मापं त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

आधी चुका सांगते, त्या तुमच्या वाचतील. पहिल्या वर्षी जूनमध्ये चिखल झाल्यावर आम्ही दोन ट्रॉल्या तांबडा मुरूम आणून वर पसरला. आठ दिवस झकास. बेंदराला बैलं रंगवायची वेळ आली तोवर मुरूम खाली आणि रबडी वर, आणि ती रबडी आता लाल. पुढच्या वर्षी दगड टाकले, थेट चिखलावर. तेही गिळले. दगड खाली जातात आणि त्यांच्या फटीतून चिखल वर येतो, खुरांचा दाब पंपासारखं काम करतो. वर अर्धवट रुतलेले दगड जनावराच्या खुरांत टोचायला लागले ते वेगळंच.

तेव्हा आत्ती ओसरीवर बसून म्हणाल्या होत्या, "पाण्याला वाट द्या, न्हाईतर ते आपली आपण करून घेतंय." आम्ही ऐकलं नाही, कारण आम्हाला वाटत होतं चिखल म्हणजे आभाळातून पडतं ते. नुसत्या पावसानं एवढा चिखल होत नाही. वरच्या अंगाचं पाणी वाहत येऊन थांबतं, पत्र्याच्या पागोळ्या एकाच रेषेत पडत राहतात, त्यात रोज एका जनावराचं पंधरा-वीस किलो शेण आणि दहा-बारा लिटर मूत्र, आणि या सगळ्यावर चोवीस खुरं. यातलं पाणी जेवढं बाहेर काढाल तेवढं पुढचं काम सोपं. म्हणून आमच्या तिसऱ्या खेपेला पहिला पैसा पन्हळीवर गेला, फरशीवर नाही.

काम एप्रिलात धरा. वळीव सुरू व्हायच्या आत खोदाई आणि भराव व्हायला पाहिजे, कारण ओला मुरूम दबत नाही, नुसता हलतो. मे महिन्यात गवंडी मिळत नाही, लग्नसराई असते, आणि मिळाला तर तो पाऊस बघून घाई करतो.

जागा निवडताना आम्ही एक सोपी गोष्ट केली. आदल्या पावसाळ्यात, जोराची सर चालू असताना घोंगडं पांघरून गोठ्याभोवती फिरलो आणि पाणी कुठून येतं, कुठं थांबतं तिथं कळकाचे खुंटे ठोकले. उन्हाळ्यात तीच जागा सपाट, कोरडी आणि निरागस दिसते, त्या वेळी हे कळत नाही. खुंट्यांवरून दिसलं की आमचा गोठा नेमका पाण्याच्या वाटेत होता. गोठा हलवणं शक्य नव्हतं, मग वरच्या अंगाला दीड फूट रुंद, एक फूट खोल चर काढून पाणी दोन्ही बाजूंनी वळवलं आणि खालच्या ओढ्याकडं सोडलं. चर शेणाच्या जागेतून नेऊ नका. स्वच्छ पाणी स्वच्छच बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर खालच्या शेतकऱ्याशी भांडण ठरलेलं.

आता पत्र्याचं पाणी. आमचा पत्रा २८ फूट लांब, १५ फूट रुंद, म्हणजे ४२० चौरस फूट, साधारण ३९ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्याकडं १०० मिलिमीटरचा दिवस काही नवल नाही, त्या दिवशी या एका छपरावरून ३,९०० लिटर पाणी खाली येतं. दोनशे लिटरची वीस बॅरलं समजा. पन्हळ नसेल तर ही वीस बॅरलं नेमकी जनावर जिथं ये-जा करतं त्या वळचणीखाली ओतली जातात. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरला की दोन पन्हळी होतात. दर अडीच-तीन फुटांवर लोखंडी पट्टीचा आधार द्या आणि दहा फुटांना एक इंच उतार. पालापाचोळा अडकतो, म्हणून दर आठवड्याला झाडूनं ओढून काढायचं. पत्रा पश्चिमेला तीन-चार फूट पुढं काढा. आमच्याकडं पाऊस सरळ कमी आणि आडवा जास्त पडतो, आणि गव्हाणीत पडलेला पाऊस म्हणजे सहा जनावरांनी नाकारलेली वैरण.

जागेचे दोन भाग केले. गव्हाणीला लागून आठ फूट रुंद, २४ फूट लांब पक्का कोबा, पत्र्याखाली. एका जनावराला चार फूट रुंदी. त्याच्या पुढं २४ बाय २५ फूट उघडं आवार, दगडाचं. म्हणजे जनावराला शंभर चौरस फूट मोकळी जागा. सगळ्या आवाराला कोबा करायची हौस करू नका. खर्च वाढतो, आणि दिवसभर सिमेंटवर उभं राहून खुरं झिजतात.

दगडी आवाराचं काम मी तपशिलात सांगते, कारण लोक इथंच चुकतात.

आधी वरचा काळा, शेण मुरलेला थर पूर्ण काढायचा. आमच्याकडं दहा इंच निघाला. तो वाया जात नाही, उसाच्या सरीत टाकला तर ऊस हसतो. खाली घट्ट जमीन लागली की थांबायचं. मग उतार काढायचा, गोठ्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत २५ फुटांत सात-आठ इंच. डोळ्यानं उतार काढू नका, डोळा डोंगराच्या उताराला सरावलेला असतो आणि फसवतो. पाण्यानं भरलेली नळी धरा, दोन माणसं पुरतात. याहून कमी उतार ठेवला तर पाणी बसतं, जास्त ठेवला तर वरची बारीक खडी वाहून जाते.

त्यावर सहा इंच कोरडा मुरूम. हो, तोच तांबडा मुरूम, ज्यानं आम्हाला दोन वर्षांपूर्वी फसवलं होतं. वर टाकला तर रबडी, पण खाली कोरडा असताना दोन थरांत धुम्मस मारून दाबला आणि वर झाकला तर तो चांगला पाया होतो. ६०० चौरस फूट गुणिले अर्धा फूट, ३०० घनफूट, म्हणजे तीन ब्रास. दाबल्यावर माल बसतो, म्हणून साडेतीन सांगा.

मुरमावर कापड. हे मी रस्त्याच्या कामावर पाहिलं. मोरीजवळ मजूर पांढरं, जाड नमद्यासारखं कापड अंथरत होते आणि वर खडी ओतत होते. मी स्कूटी थांबवून मुकादमाला विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "ताई, पाणी खाली जातंय, माती वर येत नाही." एवढंच वाक्य, आणि माझ्या दोन वर्षांच्या चुकांचं उत्तर त्यात होतं. दुकानात जिओटेक्स्टाइल म्हणून मागा, न विणलेलं, दाबून केलेलं. पट्ट्यांचे जोड दीड फूट एकमेकांवर चढवायचे. त्याऐवजी ताडपत्री किंवा शेततळ्याचा कागद घालू नका, पाणी वरच अडकतं आणि दगड त्यावर सरकतात. गोणपाट एका पावसाळ्यात कुजतं.

कापडावर सहा इंच दबर, मुठीएवढा ते नारळाएवढा, मशीनची खडी नव्हे. तीन ब्रासच लागतो, मी साडेतीन मागवला. ट्रॅक्टर थेट कापडावर नेऊ नका. कडेला ओतून दगड पुढं ढकलत जायचं आणि टाकलेल्या दगडावरूनच चाक पुढं न्यायचं. मोठ्या दगडांच्या फटी छोट्या दगडांनी भरायच्या. आमचा पोरगा दोन दिवस हेच करत होता, बारावीचा निकाल लागायचा होता म्हणून तो बिनतक्रार राबला.

सगळ्यात वर दोन इंच कच, म्हणजे क्रशरची बारीक खडी आणि भुकटी मिसळलेली. एक ब्रास पुरते, सव्वा आणा. पाणी मारून दाबली की ती घट्ट बसते, आणि खुराला दगड लागत नाही. नदीची वाळू घालू नका, ती बसत नाही, पसरते. हिशेब असा, की दहा इंच खोदलं आणि सहा अधिक सहा अधिक दोन, चौदा इंच भरलं. आवार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार इंच उंच झालं. हे चार इंच सोडू नका.

कडेनं जांभ्या चिऱ्याची एक ओळ लावली, दगड पसरू नयेत म्हणून. जांभा आमच्या भागात हाताशी आहे, खाणीतून ताजा काढलेला मऊ असतो आणि हवेवर कडक होतो. खालच्या अंगाला दर चार फुटांवर दोन बोटांची फट ठेवली, पाणी झिरपायला. चिऱ्याची फरशी मात्र करू नका. आमच्या भावकीत एकानं केली. दोन पावसाळ्यांत हिरवं शेवाळ धरलं, आता तिथून माणूससुद्धा भिंत धरून जातो.

कोब्याची गोष्ट थोडक्यात, पण त्यात माझी एक जखम आहे. मिस्त्री हौशी होते. म्हणाले, "वैनी, असा गुळगुळीत करतो की तोंड दिसंल." मी गप्प बसले, मला वाटलं धुवायला सोपं. पहिल्याच सरीला पाडी पुढच्या पायावर घसरली आणि मांडी घातल्यासारखी बसली. लंगडायची महिनाभर. मग छिन्नीनं टोचे मारून घेतले, दुप्पट मजुरी. तुम्ही कोबा ओला असतानाच अर्ध्या इंची सळई तिरकी दाबून चार-चार इंचांवर खाचा पाडा, दोन्ही बाजूंनी, शंकरपाळ्यासारख्या. चार इंच जाडीचा कोबा, खाली सोलिंग म्हणजे दगडांचा थर, आणि आठ फुटांत अडीच इंच उतार गव्हाणीपासून मागं. त्या शेवटाला एक फूट रुंद, उथळ नाली. खोल नाली केली तर जनावर त्यात पाय घालतं.

गव्हाण. जनावराच्या बाजूची भिंत २० इंच उंच, पलीकडची तीन फूट, आतली रुंदी अडीच फूट. पलीकडची भिंत उंच हवीच, कारण म्हैस पिंजराची पेंडी तोंडात धरून मान झटकते आणि निम्मी बाहेर जाते. बाहेर पडलेलं पिंजर पायाखाली गेलं की तेही चिखलच. गव्हाणीचा तळ जनावर उभं राहतं त्या जमिनीपेक्षा चार-पाच इंच वर ठेवा, नाहीतर ते पुढचे पाय फाकवून खातं. आत कोपरे नकोत, गोलाई द्या. मुरघास घालणार असाल तर आत फरशीचे तुकडे किंवा टाइल्स लावा. मुरघासाच्या आंबटानं सिमेंट खरवडलं जातं, आणि त्या खड्ड्यांत उरलेलं आंबून वास मारतं. आम्ही टाइलच्या दुकानातून उरलेल्या, जोडी न जुळणाऱ्या टाइल्स आणल्या. गव्हाण गोधडीसारखी दिसते, म्हशींनी अजून तक्रार केलेली नाही.

हल्ली लोखंडी जाळीतून मान घालून खायची पद्धत आली आहे. गाईंना चांगली. पण आमच्या एका पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्यापर्यंत मागं गेलेली, ती जाळीत मान घालते आणि काढताना अडकते. आम्ही साधा दोन इंची पाइप चार फूट उंचीवर आडवा लावला आणि दाव्यानं बांधतो.

पाण्याचा हौद गव्हाणीला चिकटून बांधू नका. सगळ्यांचा सल्ला उलटा असतो, जवळ असलं की सोयीचं म्हणून. पण म्हैस पाणी पिताना निम्मं सांडते, आणि वैरणीचं तोंड पाण्यात, पाण्याचं तोंड वैरणीत. आमचा हौद आवाराच्या खालच्या कडेला आहे, त्याच्याभोवती चार फूट वेगळा कोबा, आणि सांडलेलं पाणी थेट बाहेर. बॉल व्हॉल्व्ह बसवा. माझी एक रात्र नळ बंद करायचा विसरल्यानं वाया गेली आहे.

मूत्राची नाली एका टाकीत सोडा. रोजगार हमीतल्या गोठ्याच्या कामासाठी २०२१ साली जो शासन निर्णय निघाला, त्यात सहा जनावरांच्या गोठ्याला ७.७ मीटर लांबी, ३.५ मीटर रुंदी आणि २५० लिटरची मूत्रटाकी असं माप दिलं होतं. सहा जनावरांचं मूत्र दिवसाला साठ-सत्तर लिटर धरलं तर ती टाकी चौथ्या दिवशी भरते. तेही त्यात गोठा धुतलेलं पाणी सोडलं नाही तर. म्हणून आधी शेण कोरडंच ओढायचं, मग धुवायचं, आणि धुताना नालीच्या तोंडाशी वीट लावून पाणी गवताच्या वाफ्याकडं वळवायचं. आमचं हत्तीगवत याच पाण्यावर आहे.

पिंजर साठवायची जागा याच कामात धरा. जमिनीपासून दीड फूट उंच माच, खाली हवा खेळती, वर पत्रा. आजरा घनसाळ या आमच्याकडच्या भाताचं पिंजर म्हशी आवडीनं खातात, पण एकदा ओलावा धरला की आतून काळं पडतं. बुरशी आलेली पेंडी जनावराला घालू नका, ती उकिरड्याची धनी. म्हशींत बुरशीच्या पिंजरानं शेपटीचं टोक आणि कानाची टोकं सडतात, असा रोग आहे. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

रोजचं काम आता असं. पहाटे धार, आणि धार झाल्या झाल्या गव्हाणीत ताजी वैरण. हा क्रम मुद्दाम आहे. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, तेवढा वेळ जनावर उभं राहिलं पाहिजे. तोंडापुढं वैरण असली की ते बसत नाही. तोवर मी आवारातलं शेण ओढून घेते, लोखंडी फावड्यानं नाही, ते कच उकरतं. जुन्या टायरचा दोन फूट तुकडा लाकडी दांड्याला ठोकला आहे, तो कचेवरून सरकत जातो. दुपारी पुन्हा एकदा. पावसाळ्यात हे एक दिवस चुकवलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही, चौपट काम लागतं, कारण खुरांनी शेण कचेत कालवलेलं असतं.

खुरांसाठी पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा मोरचूद. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो, प्लॅस्टिकच्या बादलीत. आधी खुरं साध्या पाण्यानं आणि ब्रशनं धुवायची, मग हे पाणी बेचक्यात चोळायचं. घाणीवर मोरचूद ओतून उपयोग नाही. जनावरानं ते पिऊ नये आणि कासेला लागू नये. उरलेलं पाणी मूत्राच्या टाकीत किंवा उकिरड्यात ओतायचं नाही, आणि शेळ्या-मेंढ्या असतील तर त्यांच्या आसपाससुद्धा नको. जखम दिसली, वास आला, जनावर लंगडलं, तर बादली बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा.

लोक विचारतात, म्हशीला तर चिखल आवडतो, मग हे कशाला? आवडतो, खरं आहे. उन्हाळ्यात आमच्या म्हशी हिरण्यकेशीच्या डोहात दोन-दोन तास डुंबतात आणि हाक मारली तर कान हलवतात, बाहेर येत नाहीत. तो चिखल निराळा. गोठ्यातला चिखल म्हणजे शेण आणि मूत्र, आणि तो थेट कासेला लागतो.

या आवाराला आता तिसरा पावसाळा चालू आहे. कच दर एप्रिलला वीस-पंचवीस पाट्या वरून घालावी लागते. कास धुवायला एक बादली पुरते, तीही बहुतेक गायांना. भाव मी मुद्दाम लिहिले नाहीत. दबराचा दर खाण किती लांब आहे त्यावर ठरतो, आणि आमच्यापेक्षा चंदगडला वेगळा, गडहिंग्लजला वेगळा.

एक जागा राहिली आहे. आवारातून बाहेर पडायचं फाटक. तिथं सहाही जनावरं एकाच वेळी, एकाच फटीतून, ढकलाढकली करत जातात, आणि फाटकाबाहेर मी कापड घातलं नव्हतं, वाटलं दहा फुटांनी काय होतंय. आज सकाळी तिथंच माझी एक चप्पल राहिली. उरलेल्या कापडाची गुंडाळी माळ्यावर आहे, दबराची ट्रॉली एप्रिलसाठी सांगून ठेवली आहे.